मिनिटाला नऊ हजार

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी इंपेलर केले.
विहिरीवरच्या पंपांचे, उसाला पाणी चढवणाऱ्या मोटारींचे,
बिडाचे, गनमेटलचे.
हातानं शाफ्ट फिरवून, कान लावून सांगायचो
बेअरिंग किती दिवसांचं सोबती.

आता एक इंपेलर माझ्यातच बसवलाय.
टायटॅनियमचा. करंगळीच्या पेराएवढा.
डॉक्टर मगदूमांनी चित्र दाखवलं तेव्हा
विचारलं, पात्यांचा कोन कुणी काढला?
ते हसले.
मला खरंच हवा होता.

पोटातून वायर निघते, कमरेला पट्टा,
काखेखाली दोन्हीकडं बॅटऱ्या.
शालन म्हणते, शिलेदार दिसताय.

नाडी नाही मला.
गल्लीतल्या कंपाउंडरनं मनगट धरलं,
मग दुसरं धरलं,
मग माझ्या तोंडाकडं बघत राहिला.
"चहा घेणार का रं?" म्हटलं,
तेव्हा त्याचा हात सुटला.
पाटाचं पाणी कुठं ठोके देतं?
धार असली म्हणजे झालं.

रात्री शालन छातीला कान लावते.
"गिरणी चालू हाय," म्हणते
आणि कूस बदलते.

पुराच्या साली चार दिवस वीज नव्हती.
तालमीतल्या पोरांनी माझ्या बॅटऱ्या
डोक्यावर धरून छातीभर पाण्यातून जनरेटरपर्यंत नेल्या,
भरून आणल्या, पुन्हा नेल्या.
वस्ताद माडीखाली उभा राहून ओरडायचा,
"मिस्त्री, किती टक्के?"
सगळ्या पेठेला माझे टक्के पाठ होते.

मग माघातली एक पहाट.
आवाज बदललेला.
फार नाही, आत वाळूचा एक कण घासावा इतका.
दिवा हिरवा. अलार्म गप्प.
शालननं दोनदा कान लावला, तिला काही कळेना.
लघवीला गेलो तर रंग कोऱ्या चहाचा.
वॅट बघितले: काल सहा, आज आठ.
फोनवरचा शिकाऊ डॉक्टर म्हणाला,
"आजोबा, अलार्म वाजलाय का?"
म्हटलं, पोरा, शाफ्टवर काहीतरी बसलंय,
मशीन लोड घेतंय. अलार्मला सवड लागंल.

गुठळी.
"फार थोड्यांना होतं हे," मगदूम म्हणाले.
एकही नग रिजेक्ट न गेलेला लॉट
मी जन्मात बघितलेला नाही.
माझंच रक्त त्या चिरीतून जाताना भरडत होतं,
नऊ हजार फेऱ्यांत, मिनिटाला.

सोळा दिवस सुईवर.
सतराव्या दिवशी पुण्याहून एक हृदय निघालं.
तावडे हॉटेलपासून कावळा नाक्यापर्यंत
पोलिसांनी रस्ता मोकळा धरला म्हणे.
मी तेव्हा नव्हतो, असं शालन सांगते;
होतो, पण नव्हतो.

शुद्धीवर आल्यावर पंप मागितला.
"कंपनीला परत पाठवायचाय."
"दोनच मिनिटं द्या."
स्टीलच्या ट्रेमध्ये आणून दिला, हातमोजे घालायला लावले.
पात्यावरनं बोट फिरवलं. फिनिश झकास.
तोंडाशी, बेअरिंगच्या कडेला, मोहरीएवढं काळं.
दोष कास्टिंगचा नव्हता, तसं सांगितलं मी त्यांना.
कुणीतरी लिहून घ्यायला हवं होतं.

हे नवं कुणाचं, ते सांगत नाहीत.
त्याच्या नसा माझ्याशी जोडलेल्या नाहीत.
परवा उद्यमनगराच्या वळणावर ट्रक अंगावर आला:
दचकलो आधी मी,
घरी येऊन खुर्चीत टेकलो, पाणी प्यालो,
तेव्हा कुठं ते धावायला लागलं,
बातमी उशिरा पोचलेल्या पाव्हण्यासारखं.
मी म्हटलं, झालं की आता. बस.

शालनला झोप येत नाही.
"लई वाजतंय," म्हणते,
आणि उशी उचलून पायथ्याला जाते.